खंजनदर्शन ते पक्षिनोंद : गोदाकाठच्या शारदीय पाहुण्यांचा वृत्तांत

वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त खंजन पक्ष्याला वाहिलेला एक स्वतंत्र अध्याय आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील हा ग्रंथ ज्योतिषाचा असल्यामुळे पक्षिशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याकडे सहसा वळावे असे काही त्यात नाही, आणि शकुनांवर विश्वास नसलेला वाचक तो अध्याय चाळून पुढे जातो. तथापि त्या अध्यायाचा विषय नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. वराहमिहिराला खंजनाचे दर्शन एरवी केव्हाही झाले तर त्याचे फल सांगावयाचे नाही. त्याला सांगावयाचे आहे ते ‘प्रथम’ दर्शनाचे फल. ज्या पक्ष्याचे प्रथमदर्शन दरवर्षी नव्याने घडते, तो पक्षी मधल्या काळात नाहीसा होत असला पाहिजे. बारा महिने अंगणात वावरणाऱ्या चिमणीचे किंवा कावळ्याचे प्रथमदर्शन कोणी मोजीत नाही. एवढ्या एका विशेषणात स्थलांतराची जाणीव पूर्णपणे आलेली आहे, जरी त्या घटनेला ग्रंथकाराने काही नाव दिलेले नाही.

पुढे वराहमिहिर खंजनाचे चार प्रकार सांगतो : भद्र, संपूर्ण, रिक्त व गोपीत. ज्याचा गळा काळा तो भद्र. मुखापासून कंठापर्यंत काळा तो संपूर्ण. गालाकडे पांढरा असून गळ्यावर काळा बिंदू असलेला तो रिक्त. आणि पिवळा तो गोपीत. नावे फलांवरून पडली आहेत हे उघड आहे, परंतु प्रकार ओळखण्याच्या खुणा मात्र केवळ रंगाच्या व त्याच्या स्थानाच्या आहेत. आज धोबी पक्ष्याच्या जाती वेगळ्या करताना अभ्यासक प्रथम गळा, गाल आणि छाती यांवरील काळ्या-पांढऱ्याची वाटणीच पाहतात. पांढऱ्या धोब्याचा विणीच्या दिवसांत काळा असणारा गळा शरदात इकडे येताना पांढरा झालेला असतो व छातीवर काळी कोर तेवढी उरते. त्याच्याच एका उपजातीत डोके व गळा काळा दिसतो. तेव्हा वराहमिहिराचे पहिले तीन प्रकार म्हणजे तीन भिन्न जाती मानण्यापेक्षा एकाच जातीची निरनिराळी पिसारावस्था किंवा उपजाती मानणे अधिक सयुक्तिक ठरते. गोपीत मात्र निश्चित वेगळा. पिवळ्या आणि करड्या धोब्यांपैकी कोणता, हे ठरविण्यास ग्रंथात पुरेसा आधार नाही.

कोणत्या स्थळी पाहिला असता दर्शन शुभ, याचीही यादी त्याने दिली आहे. पवित्र जलाशय, देवालये, उद्याने, गाईंचे वास्तव्य ही शुभस्थळे. गाढव, उंट, हाडे, स्मशान ही अशुभ. यातील गुराढोरांचा उल्लेख निव्वळ संकेताचा नव्हे. चरणाऱ्या जनावरांच्या पायांनी उडणारे किडे टिपण्यासाठी पिवळे धोबी त्यांच्या मागोमाग चालतात, हे माळावर गुरे राखणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. थोडक्यात, पक्षी कोणता, कोठे दिसला, कोणत्या खुणांवरून ओळखला, या तिन्ही गोष्टी या अध्यायात आहेत. आजच्या नोंदवहीतील दिनांकाचा रकाना तेवढा नाही. आणि तोही नसण्याचे कारण असे की, ऋतू गृहीत आहे. खंजन शरदात येतो हे संस्कृत कवींनी इतके सर्वमान्य केले होते की, पुढे तुलसीदासांनीही ‘रामचरितमानसा’च्या किष्किंधाकांडात शरदाच्या चिन्हांमध्ये त्याला स्थान दिले.

हंसाची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. वर्षाकाळी हंस मानसाकडे जातात व शरदात परततात, हा कविसमय म्हणून शिकविला जातो, आणि ‘कविसमय’ या शब्दामुळेच विद्यार्थी तो काल्पनिक समजतात. ‘मेघदूता’त कालिदासाने हिमालयातील क्रौंचरंध्राला हंसांचे द्वार म्हटले आहे. मराठीत पट्टकादंब या नावाने ओळखला जाणारा हंस तिबेटच्या पठारावरील सरोवरांकाठी वीण करतो, हिमालय ओलांडून हिवाळ्यासाठी भारतात उतरतो, आणि उजनीच्या जलाशयावर भिगवणच्या बाजूस त्याचे थवे दिसतात. या नावातील ‘कादंब’ हा अमरकोशातला शब्द आहे. कवीने दिशा, ऋतू आणि वाट या तिन्ही बाबतींत चूक केलेली नाही. याच्या तुलनेत युरोपातील समजुती पाहण्याजोग्या आहेत : पाकोळ्यांसारखे पक्षी हिवाळ्यात तळ्याच्या गाळात झोपून राहतात, असे तेथील विद्वान अठराव्या शतकातही लिहीत होते. १८२२ मध्ये जर्मनीत क्ल्यूट्झजवळ एक करकोचा मारला गेला; त्याच्या मानेत आफ्रिकी बनावटीचा भाला आरपार रुतलेला होता. हे पक्षी हिवाळ्यात कोठे जातात याचा तो युरोपला मिळालेला एक धडधडीत पुरावा होता.

गोदावरीच्या काठापुरते बोलावयाचे तर सर्वांत जुना साक्षी म्हणजे हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’. महाराष्ट्री प्राकृतातील या संग्रहात नदीचे नाव ‘गोला’ असे येते. कमळाच्या पानावर निश्चल बसलेल्या बलाकेची त्यातील गाथा मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त व्यंजनेचे उदाहरण म्हणून घेतल्यामुळे साहित्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती पाठ असते. पक्षी हलत नाही, म्हणजे त्याला भीती नाही. भीती नाही, म्हणजे येथे माणूस फिरकत नाही. म्हणून संकेतस्थान हेच. अर्थाची ही साखळी अलंकारशास्त्राची म्हणून शिकविली जाते, परंतु तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण पाणथळीवर तासन् तास बसणाऱ्याचे आहे. पक्ष्याच्या वर्तनावरून परिसराची स्थिती वाचणे हे आजच्या पर्यावरणशास्त्राचे सूत्र या गाथेत प्रेमिकांच्या कामी आलेले आहे, इतकाच फरक.

मध्ययुगात पक्षी पाहण्याचे कसब वाढले ते श्येनपालनाच्या निमित्ताने. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त श्येनविनोदाचे प्रकरण आहे. पुढे मुसलमानी दरबारांबरोबर या विद्येची फारसी-अरबी परिभाषा दक्षिणेत आली व तिच्यातील एक शब्द मराठीत असा रुजला की त्याचे मूळ विसरले गेले. ‘बहिरी ससाणा’ या नावातील ‘बहिरी’चा ऐकू न येण्याशी काहीएक संबंध नाही. अरबी ‘बह्र’ म्हणजे समुद्र. त्यापासून ‘बहरी’ म्हणजे समुद्राकडचा. हिवाळ्याच्या तोंडाशी किनाऱ्यांवर व जलाशयांवर येणाऱ्या, बदकांवर झडप घालणाऱ्या या परदेशी शिकाऱ्याला हे नाव साजते. ‘ससाणा’ मात्र घरचा आहे. अमरकोशातील ‘शशादन’, म्हणजे ससा खाणारा, याच्याशी तो जोडता येतो. एका मराठी नावात समुद्र आणि ससा अशा रीतीने शेजारी बसले आहेत, आणि बोलणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत.

लोकभाषेतील शारदीय पाहुण्यांची नावे याहून पारदर्शक आहेत. शेपटी सतत खालीवर आपटणाऱ्या पक्ष्याला नदीघाटावरच्या माणसांनी ‘धोबी’ किंवा ‘परीट’ म्हटले. माळावर खालून घिरट्या घालीत जाणारा तो ‘भोवत्या’. चपट्या, पसरट चोचीचे बदक ‘थापट्या’, आणि लांब टोकदार शेपटीचे ‘तलवार बदक’. ज्वारीच्या कणसांवर तुटून पडणाऱ्या गुलाबी मैनांना शेतकरी ‘भोरडी’ म्हणतो, व तिच्या आगमनाकडे कोणत्याही पक्षिप्रेमीपेक्षा अधिक काळजीने पाहतो, कारण तिचे थवे येतात तेव्हा त्याची गोफण तयार असावी लागते. या नावांत रूप किंवा वर्तन सांगितले आहे. उगमस्थान कोठेच नाही. पाहुणा कोठून आला हे न विचारण्याची जणू रीतच.

परंतु याच नावांमुळे इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण होते. ‘करकोचा’ हा शब्द घ्यावा. मराठीत पांढरा करकोचा म्हणजे युरोप व मध्य आशियातून येणारा एक बगळ्यासारखा मोठा पक्षी, आणि कांड्या करकोचा म्हणजे क्रौंचकुळातील लहानसा, राखी रंगाचा पक्षी. शास्त्राच्या दृष्टीने ही दोन कुळे परस्परांपासून दूर आहेत. मूळ शब्द क्रौंचाचाच असावा असे वाटते. हिंदीत त्या पक्ष्याला ‘करकरा’ म्हणतात, संस्कृतात ‘कर्करेटु’ आहे, आणि आकाशातून जाणाऱ्या क्रौंचांच्या थव्याचा आवाज या अक्षरांत ऐकू येतो. पांढरा करकोचा जवळजवळ मुका असून चोच वाजवितो. तरीही दोघांना एक नाव मिळाले, कारण दोघेही पावसाळा संपल्यावर, उंच पायांनी, थव्याने शेतात उतरतात. शेतकऱ्याच्या प्रयोजनाला एवढे वर्गीकरण पुरते. कोणा वृद्धाने ‘पूर्वी येथे करकोचे फार येत’ असे सांगितले तर ती साक्ष खरी असूनही कोणत्या पक्ष्याविषयी आहे हे सांगता येत नाही. जुन्या मराठी कोशांकडे वळावे तर तेथे कित्येक पक्षिनामांपुढे ‘एक पक्षी’ यापलीकडे अर्थ मिळत नाही. वाल्मीकीच्या क्रौंचाबाबतही विद्वानांत दीर्घ वाद झाला. तो सारस होय, असे मत ज्युलिया लेस्ली यांनी १९९८ मध्ये सविस्तर मांडले. एका शब्दाची जात ठरविण्यास इतका काळ लागतो.

दख्खनच्या पक्ष्यांची शास्त्रीय नोंद सुरू झाली ती लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांच्यापासून. मुंबई सरकारने १८२४ मध्ये सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी त्यांची नेमणूक केली. लोकसंख्या, पिके आणि पाऊस यांच्या मोजणीबरोबर त्यांनी पक्षीही मोजले, व १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात दख्खनमध्ये पाहिलेल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा त्यानंतर, १८६९ मध्ये झाला. साइक्स यांच्या यादीत भाषेच्या अभ्यासकाला दोन गोष्टी विशेष लक्षणीय वाटतात. एक म्हणजे त्यांनी काही पक्ष्यांची मराठ्यांतील नावे नोंदविली. घारीला मराठे ‘घार’ म्हणतात असे रोमन लिपीत लिहिलेले तेथे सापडते. दुसरी अशी की, नव्या जातींना लॅटिन नावे देताना त्यांनी ‘गोविंदा’, ‘देवा’, ‘रामा’ आणि ‘महारत्तेन्सिस’ असे शब्द योजले. घार गोविंदा झाली, एक चंडोल देवा झाला, एक रातवा मराठ्यांचा झाला, आणि एक भुरा, चिमुकला, झुडपांत लपणारा वटवट्या रामा झाला. हा शेवटचा पक्षी इथला रहिवासी नाही. तो मध्य आशियात व इराणच्या बाजूस वीण करून शरदात दख्खनला येतो. जन्मभूमीत नव्हे तर हिवाळी मुक्कामी त्याचे बारसे झाले, व तेही रामाच्या नावाने.

साइक्स यांच्यानंतरच्या अर्धशतकात पाहण्याचे साधन बंदूक हेच राहिले. नोंद म्हणजे पेंढा भरलेला नमुना व त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी. अॅलन ह्यूम यांनी १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले, आणि त्यात मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन व रेल्वेतील वेन्डेन यांनी १८७८ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांवर लेख लिहिला. डेव्हिडसन यांनी नाशिकला लागून असलेल्या पश्चिम खानदेशाचीही यादी केली. ‘मारला तरच पाहिला’ हा दंडक आज क्रूर वाटतो. परंतु त्याची बाजू अशी की, चिठ्ठीवरील शब्दांवर शंका आली तर नमुना पुन्हा तपासता येतो. निदान तसे समजले जात असे.

या समजाला तडा कसा गेला ते खानदेशातच घडले. डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात रानपिंगळ्याचे नमुने मिळविले होते. हा पक्षी स्थलांतर करणारा नाही, परंतु दुर्मीळ पक्ष्याची नोंद कशी विश्वसनीय ठरते याचे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्रात नाही. या पक्ष्याचा अखेरचा नमुना कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ च्या ऑक्टोबरात गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे मिळविल्याचे मानले जात असे, आणि त्यानंतर त्याचा शोध घेणारे त्या दिशेने जात. पामेला रासमुसेन यांनी नमुन्याची बारकाईने तपासणी केली तेव्हा तो मुळात डेव्हिडसन यांच्या संग्रहातील असून ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला व खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ती नोंद बाजूला सारून मूळच्या ठिकाणांकडे मोर्चा वळविल्यावर १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रासमुसेन व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. एका चिठ्ठीवरच्या खोट्या स्थळनामाने शोधाला दीर्घकाळ चुकीची दिशा दिली होती. इतिहासाच्या अभ्यासकाला बनावट ताम्रपट परिचित असतात. पक्ष्यांच्या दफ्तरातही ते असतात, हे या प्रकरणामुळे कळले.

मारण्यावाचून ओळख पटविण्याचा मार्ग डेन्मार्कमधील एका शिक्षकाने दाखविला. हान्स मॉर्टेन्सेन यांनी १८९९ मध्ये व्हिबॉर्ग येथे मैनाकुळातील पक्ष्यांच्या पायांत क्रमांक घातलेली अॅल्युमिनियमची कडी बसविली. भारतात मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने, जी १८८३ मध्ये स्थापन झाली होती, हे काम व्यापक प्रमाणावर हाती घेतले ते १९५९ पासून, सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली. त्यामागील कारण पक्षिप्रेम एवढेच नव्हते. १९५७ मध्ये म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलज्वराची साथ आढळली. तिच्या विषाणूचे रशियातील एका विषाणूशी साम्य दिसल्यामुळे येणारे-जाणारे पक्षी गोचिडांद्वारे तो आणतात काय, हे जागतिक आरोग्य संघटनेला पाहावयाचे होते. वराहमिहिराच्या काळी शारदीय पाहुणा शुभाशुभ आणीत असे. विसाव्या शतकात तो रोग आणतो काय असा संशय आला. शंका फलद्रूप झाली नाही, परंतु तिच्या आधाराने हजारो पक्ष्यांना कडी बसली व भारतातील बदके मध्य आशियात आणि सायबेरियात जातात हे अंदाजाचे विधान पुराव्याचे झाले. २०१३ च्या नोव्हेंबरात नागालँडमध्ये तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संधान ठेवणारी यंत्रे बसविण्यात आली, तेव्हा अरबी समुद्राकडे निघालेली त्यांची वाट दख्खनवरून जाते हेही नकाशावर रेखले गेले.

नाशिक जिल्ह्यापुरते या सर्वांचे केंद्र म्हणजे निफाड तालुक्यातील नांदूर-मध्यमेश्वर. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांना पाणी वळविण्यासाठी दगडी बंधारा घातला गेला. बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते. पुराबरोबर आलेला गाळ बंधाऱ्यामागे साठत गेला, उथळ पाणी, पाणवनस्पती आणि बेटे तयार झाली, आणि चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी या गावांच्या शिवाराला लागून एक पाणथळ आपोआप जन्मास आली. १९८६ मध्ये ती अभयारण्य म्हणून घोषित झाली, आणि २०१९ मध्ये रामसर कराराच्या यादीत तिचा समावेश झाला. महाराष्ट्रातून तो मान मिळविणारे हे पहिलेच स्थळ. दोनशेंहून अधिक जातींच्या पक्ष्यांची येथे नोंद आहे. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, क्रौंच हे हिवाळ्यातील पाहुणे. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे वर्णन सलीम अली यांच्या नावावर सांगितले जाते. उपमा एका अर्थी नेमकी आहे, कारण भरतपूरची पाणथळही मानवनिर्मित आहे. परंतु तिची जोपासना शिकारीसाठी झाली, आणि १९३८ च्या एका दिवशी लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत तेथे चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. नांदूरची पाणथळ सिंचनाचे उपफल आहे, व त्यामुळे तेथील पक्षिनोंद वाचताना सिंचनाची नोंदही शेजारी ठेवावी लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी चढलेले असेल तर चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना टेकावयास जागा राहत नाही. पाणी ओसरून काठ उघडा पडला की ते दिसू लागतात. अशा वेळी ‘यंदा अमुक पक्षी आला नाही’ या विधानाचा अर्थ पक्षी आला नाही असा घ्यावयाचा, की त्याला येथे उतरता आले नाही असा, हे केवळ पक्ष्यांच्या यादीवरून सांगता येत नाही.

दुर्मीळ पक्ष्यांच्या बाबतीत ही सावधगिरी अधिकच आवश्यक ठरते. पश्चिम महाराष्ट्रातील पक्ष्यांची सटीप यादी आनंद प्रसाद यांनी २००३ मध्ये केली, ती करताना जुन्या नोंदी जशाच्या तशा न उचलता तपासून घेतल्या. आता छायाचित्र व ई-बर्डसारखी सार्वजनिक नोंदवही यांमुळे तपासणी सोपी झाली आहे, पण मागील शंभर वर्षांच्या वह्यांना छायाचित्रे जोडलेली नाहीत. साइक्स यांच्या रामा वटवट्याचेच पाहावे. विसाव्या शतकाचा बराच काळ तो स्वतंत्र जात न मानता दुसऱ्या एका वटवट्याची उपजात म्हणून गणला गेला, व दोघांच्या नोंदी एकाच नावाखाली पडत गेल्या. या शतकाच्या आरंभाच्या सुमारास तो पुन्हा वेगळा काढण्यात आला. मधल्या काळातील निरीक्षकांनी काही चूक केली होती असे नव्हे. त्यांनी त्या वेळचे प्रमाण नाव प्रामाणिकपणे लिहिले. परंतु केवळ नाव लिहिलेल्या त्या नोंदींतून आज कोणता पक्षी होता ते काढता येत नाही. ज्यांनी नावाशेजारी चोच किती लांब, शेपटी किती, पाठीचा रंग करडा की तपकिरी, पक्षी बाभळीत होता की जमिनीलगतच्या गवतात, एवढे दोन ओळींत टिपून ठेवले, त्यांच्याच वह्या पुन्हा उघडता येतात.